उचलून न्यायची बोट

माझ्या धाकट्या बहिणीचा, आयोनीचा नवरा अल्बन प्लायवूड उकळून बघायचा. तेही तिच्या स्वयंपाकाच्या पातेल्यात. एका रविवारी आयोनीनं तुरीचे दाणे शिजले का बघायला झाकण काढलं, तर आत लाकडाचे चौकोनी तुकडे उड्या मारत होते.

"हे काय रे अल्बन?"

"बोट."

"मग मीठ घालू का तिच्यात?"

तो हसला नाही. बोटीच्या बाबतीत त्याला हसू यायचं नाही. तुकडे तासभर उकळायचे, पत्र्यावर वाळवायचे, पुन्हा उकळायचे. ज्याचे थर सुटले तो माल बाद. शेवटी आयोनीनं ते पातेलंच त्याला देऊन टाकलं आणि नवीन आणलं. त्या जुन्या पातेल्याच्या तळाला सरसाचा काळा थर बसला होता, तो कशानंही निघाला नाही.

अल्बननं पन्नाशी ओलांडली तरी तो दुसऱ्याच्या बोटीवरचा खलाशीच होता. कॅरिबियन समुद्रातल्या आमच्या करियाकू बेटावर मासळीचे वाटे करताना पहिला वाटा बोटीचा निघतो, म्हणजे मालकाच्या घरी जातो. मग कप्तानाचा. मग उरलंसुरलं खलाशांना. स्वतःची बोट नसलेला माणूस आयुष्यभर त्या उरल्यासुरल्यावर जगतो, आणि गावही त्याला उरलासुरलाच समजतं. अल्बनला एकदा, मरायच्या आधी, पहिला वाटा घरी आणायचा होता.

आता तुम्ही म्हणाल, बोटी बांधणाऱ्यांच्या गावात बोट बांधायला अडचण कसली? अडचणीचं नाव हेस्केथ. किनाऱ्यावरच्या निम्म्या बोटी या म्हाताऱ्याच्या हातच्या. हा अल्बनचा सख्खा मामा. पण अल्बनची आई, मिस एल्मा, हिनं लग्न न करता मूल जन्माला घातलं आणि बाप कोण ते मरेपर्यंत सांगितलं नाही. तेव्हापासून हेस्केथनं बहिणीचं नाव टाकलं. अल्बन लहानपणी मामाच्या कामावर फळ्या वाहायचा, भुसा झाडायचा. हत्याराला मात्र त्याला कधी हात लावू दिला नाही. टेकडीवरचे सीडर घराण्याचे, म्हणजे त्याच्या आईचेही. अल्बननं दोन झाडं मागितली तर म्हातारा म्हणाला, "ते लाकूड जहाजांसाठी आहे." एवढंच. तोंड फिरवून कामाला लागला.

म्हणून प्लायवूड.

गावात लाकडाच्या एकाच दुकानात दोन थप्प्या होत्या. एक स्वस्त, वरून लोण्यासारखी गुळगुळीत. दुसरी त्रिनिदादहून मागवलेली, वजनदार, दिसायला ओबडधोबड. अल्बन महिनोन्‌महिने तिथे जायचा. कडेनं डोळा लावून थर मोजायचा, कडेला भोक दिसलं की आत पोकळी आहे म्हणून शीट बाजूला ठेवायचा, उरलेल्यांवर बोटांनी ठोकून ऐकायचा. दुकानदार वैतागायचा. "नीरफणस आहे का तो, टिचक्या मारतोस?"

"नीरफणस वाईट निघाला तर डुकराला घालता येतो," अल्बन म्हणायचा.

गुळगुळीतवाली दुसऱ्या उकळीलाच फुगली. त्रिनिदादची तिसऱ्यांदा उकळूनही तशीच राहिली. एकेक करत त्यानं तीच घेतली. जस्त चढवलेले स्क्रू घेतले, डबाबंद डिंक घेतला. तो घट्ट व्हायच्या आत लावावा लागायचा म्हणून ऊन चढण्याआधी काम करायचा. गाव येता-जाता चिडवायचं. "काय अल्बन, बिस्किटाची बोट कुठवर आली?" "चहात बुडव, म्हणजे कळेल टिकते का!" मीही दोन-चारदा हसले. पण ती उभी राहिली ना, तेव्हा हसणारे गप्प झाले. लांब, हलकी, अंगावर एक सुरकुती नाही. नाव कापडाखाली झाकलेलं होतं, पण ते 'मिस एल्मा' आहे हे शेंबड्या पोराला माहीत होतं.

आता राहिलं पाण्यात घालणं. आमच्याकडे बोट नुसती ढकलून चालत नाही. पाद्री येतो, बकरं कापतात, आदल्या रात्री पूर्वजांसाठी ताट वाढून ठेवतात. आणि मग टेकू तोडतात. बोट किनाऱ्यावर टेकूंवर उभी असते. एका बाजूचे टेकू कुऱ्हाडीनं एकेक करून तोडायचे, की ती कुशीवर झुकत झुकत खालच्या ओंडक्यांवर पडते. मग अख्खं गाव दोर धरून गाणी म्हणत तिला तशीच आडवी समुद्रात ओढतं. सीडरच्या जाड फासळ्यांच्या बोटीला त्याचं काही वाटत नाही.

अल्बननं रविवारी चर्चच्या पायरीवर मामाला गाठलं. मी आणि आयोनी शेजारीच होतो, मागे निम्मं गाव.

"मामा, ही पडायची बोट नाही. हिच्यात फासळ्या कमी आहेत, सगळा जोर कातडीत आहे. सरळ पाण्यात बसली तर वादळ सोसेल, पण एका जागी दणका बसला तर फुटेल. हिला माणसांनी उचलून न्यायचं."

म्हातारा काठीवर रेलून म्हणाला, "उचलून शवपेटी नेतात." लोक खो-खो हसले. "टेकू न तोडता पाण्यात गेलेल्या बोटीवर कोण चढेल? तू चढशील? तुझ्याबरोबर कोण?"

कुणीच चढलं नसतं, हे खरं होतं. आणि मग त्या म्हाताऱ्यानं जे केलं, ते मी त्याला कधी माफ करणार नाही. त्यानं हात अल्बनच्या खांद्यावर ठेवला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, "माझ्या बहिणीचं नाव आहे तिच्यावर. पहिली कुऱ्हाड मी धरतो."

आयोनीनं माझा हात दाबला. अल्बनचा चेहरा मी बघितला. असा चेहरा झालेला माणूस नाही म्हणू शकत नाही. तीनदा उकळून प्लाय निवडणारा माणूस, पण मामाचा एक हात खांद्यावर पडला आणि सगळं विसरला.

शनिवारी ढोल वाजले, नावावरचं कापड सुटलं, म्हाताऱ्यानं कुऱ्हाड धरली. पहिला टेकू, दुसरा. तिसरा तुटल्यावर ती सावकाश झुकायची, तर हलकी असल्यामुळे एकदम गेली, आणि ओंडक्याच्या टोकावर आदळली. काडकन आवाज आला. ढोल लगेच थांबले नाहीत. मागच्यांना कळलंच नव्हतं.

कुशीत हात जाईल एवढं भोक पडलं होतं. अल्बन वाकून त्या भोकाच्या कडा चाचपत होता. थर सुटले नव्हते. प्लाय चांगलीच होती.

"प्लायवूड," हेस्केथ म्हणाला आणि कुऱ्हाड कुणाच्या तरी हातात देऊन सावलीत गेला. बकरं शिजलंच होतं. लोकांनी ते खाल्लं.

अल्बननं भोक बुजवलं, वरून दिसणारही नाही इतकं चांगलं. पण टेकू तोडताना फुटलेली बोट माणूस खाते, असं आमच्याकडे मानतात. एकही खलाशी मिळाला नाही. 'मिस एल्मा' तिथेच पडून राहिली, तिच्या सावलीत शेळ्या बसायला लागल्या, आणि अल्बन पुन्हा दुसऱ्याच्या बोटीवर गेला.

दोन वर्षांनी हेस्केथचा नातू ऑर्लिन न्यूयॉर्कहून आला. त्याला बोट हवी होती, प्लायची. प्लाय निवडायला तो कुणाकडे गेला असेल? अल्बननं त्याच जुन्या पातेल्यात त्याचे तुकडे उकळून दिले. डिंक कसा लावायचा तेही दाखवलं. आयोनी आठवडाभर नवऱ्याशी बोलली नाही.

बोट तयार झाली. मी बघायला गेले, तर टेकूंपाशी कुऱ्हाडच नाही. माणसं दोन्ही बाजूंनी ओळीत उभी, हात खाली घालून. अल्बन मागच्या टोकाला, सगळ्यांत जड जागी.

"कुऱ्हाड कुठंय?" कुणीतरी विचारलं.

हेस्केथ खुर्चीत बसला होता. "प्लायच्या बोटीचे टेकू कोण तोडतं?" तो म्हणाला. "दणक्यानं फुटते ती. उचलून न्यायची असते. अक्कल नाही का?"

लोक माना डोलवायला लागले. माझ्या डोक्याची शीर तडकली. मी खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले. "मिस्टर हेस्केथ, दोन वर्षांपूर्वी हा हेच सांगत होता. चर्चच्या पायरीवर. तुमच्या तोंडावर."

म्हाताऱ्यानं डोळे बारीक करून मागच्या टोकाकडे बघितलं. "सांगितलं होतंस का रे?"

सगळा किनारा अल्बनकडे बघायला लागला. निम्म्यांनी तर तेव्हा कानांनी ऐकलं होतं. अल्बन वाकलेलाच होता, बोटीखाली हात घालून.

"नाही, मामा," तो म्हणाला. "राहूनच गेलं सांगायचं."

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि हात वर केला. त्यांनी बोट उचलली आणि सरळ पाण्यात नेऊन बसवली. गाव टाळ्या वाजवत होतं. ती छान तरंगली. आयोनी माझ्याशेजारी होती. तिनं बोटीकडे बघितलंच नाही, नवऱ्याकडे बघत होती. तो छातीपर्यंत पाण्यात उभा राहून मामाकडे बघत हसत होता.

"चल घरी," ती मला म्हणाली. "ह्याला अजून वाटतंय, तो हात परत खांद्यावर पडेल."