बोगद्याच्या तोंडाशी चावीवाले

आमच्या ह्यांना अख्खा चौक चावीवाले म्हणायचा. बोगद्याच्या तोंडाशी सिग्नल, सिग्नलला लागून यांचं स्टूल, पाठीला भिंत, पुढ्यात कानस आणि किल्ल्यांचे जुडगे. ट्रक इंजिन चालू ठेवून उभे राहायचे आणि सगळा धूर थेट यांच्या तोंडावर.

"अहो, चार दुकानं पुढे सरका, तिथे वारा तरी आहे," मी सांगून सांगून थकले.

"वेडी आहेस का? किल्ली हरवलेला माणूस आधीच बावचळलेला असतो. त्याला मी नाही, माझी जागा आठवते."

नाकाला रुमाल बांधा म्हटलं, तर म्हणे, चावीवाल्यानं तोंड झाकलं की लोक चोर समजतात. आता काय बोलणार, कपाळ!

मग हिरड्यांतून रक्त यायला लागलं, अंगावर निळे डाग उठले, जिना चढताना धाप. रक्ताचा कॅन्सर निघाला. धुरानं झाला का, मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एका माणसाबद्दल नक्की सांगता येत नाही. पण वर्षानुवर्षं असा धूर घेणाऱ्यांना धोका जास्त असतो."

मी तिथेच ठरवलं, काही झालं तरी पोराला त्या स्टुलावर बसू द्यायचं नाही.

स्टूल घरी आणायला गेले आणि उचलताना मागे पाहिलं. भिंत काळीकुट्ट, आणि मधोमध हे! डोकं, खांदे, कानशीवर वाकलेला कोपर, तेवढंच स्वच्छ. इकडे दवाखान्यात माणूस वाळत चाललेला, तिकडे भिंतीवर चांगला धष्टपुष्ट. माझ्यादेखत एका बाईंनी भिंतीपुढे किल्ली धरली आणि दचकून हात मागे घेतला.

"बसलेत असंच वाटलं हो," त्या म्हणाल्या.

हे गेले. पोरगा स्टूल उचलून निघाला. "गिऱ्हाईक अजून तिथेच येतं, आई."

मी आकांडतांडव केलं, ऐकेना. मग बादली, साबण, ब्रश घेऊन गेले आणि हात सोलवटेपर्यंत भिंत घासली. हे पुसले गेले. रडू आलं, पण घासत राहिले. भिंत गोरी झाली, तरी गिऱ्हाईक आलंच, आणि पोरगाही बसला. उघड्या तोंडानं, बापासारखाच.

काही महिन्यांनी डबा घेऊन गेले. तो कुणाचं तरी कुलूप उघडायला गेला होता. भिंत पुन्हा काळवंडली होती. मधोमध फिकट डोकं, अरुंद खांदे, वाकलेला कोपर. माझ्या पोराचे.

मी तिथेच स्टुलावर बसले.

"आई, ऊठ ना, लोक बघतायत," परत आल्यावर तो म्हणाला.

"बघू देत. तू तुझी कानस उचल आणि चार दुकानं पुढे बस. मी काही हलत नाही."

खूप चिडला, पण गेला. आता तो वाऱ्याला बसतो. मी रोज इथे येते. चावीवाले कुठे, असं कुणी विचारलं की बोट दाखवते, तिकडे. त्याला वाटतं, लोकांना नवी जागा पाठ झाली की आई घरी बसेल. पण रोज कुणीतरी नवं माणूस किल्ली हरवून इथेच येतं. आणि भिंतीला टेकलं की माझे खांदे त्या फिकट खांद्यांत नीट बसतात, हे मी त्याला सांगितलेलं नाही.