वालाच्या वाफ्यावरचं मचाण

त्या हरिणीचा डावा कान फाटका होता, त्यामुळे मला ती लांबूनही ओळखता यायची. बाकीच्या हरणांशी माझं काही भांडण नव्हतं. ओहायोत हरणं म्हणजे आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांसारखी. रस्त्याकडेला, पार्किंगमध्ये, कुणाच्याही अंगणात. नवीन आलेली माणसं गाडी थांबवून त्यांचे फोटो काढतात. मीही काढले होते आणि आईला पाठवलेही होते. पण २००५ च्या उन्हाळ्यानंतर त्या मोठ्या ओल्या डोळ्यांत मला खादाडपणाखेरीज काही दिसेना, आणि आजही दिसत नाही.

आम्ही तेव्हा ओहायोतल्याच डब्लिन गावाच्या पलीकडे, ऑफिसं संपून मक्याची शेतं सुरू होतात तिथे राहत होतो. एका जुन्या फार्महाउसच्या मागे छोटं घर होतं, ते भाड्याने घेतलं होतं. नवरा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. मी अलिबागजवळची, तिकडे बँकेत नोकरी करायचे, इथे त्याच्या व्हिसावर आलेली असल्यामुळे मला काम करायला कायद्यानेच मनाई. घरमालकीण सत्तरीची, एकटी, उभा जन्म स्कूलबस चालवलेली, आणि दर हिवाळ्यात एक तरी हरीण मारून फ्रीझर भरणारी. मागची जागा दाखवून ती म्हणाली, "हवं ते लाव, हनी." मी वाल लावले.

ते वाल घरचे होते. भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर पेरायचे. पुढे पाणीसुद्धा द्यायचं नाही, दवावर वाढतात. घरामागच्या तुकड्यात आई पेरायची, तिच्याआधी तिची सासू. दाणा बारीक, तांबूस आणि चांगलाच कडू. मोड आणून, सोलून त्यांचं बिरडं केलं की शेजारच्या घरात कळायचं. बाबा गेल्यावर आईने आणि मी हसत सह्या करून सगळं भावाच्या नावावर केलं होतं, आणि मी अमेरिकेत आल्यावर त्याने तो तुकडा मुंबईच्या एका माणसाला विकून टाकला. तिथे आता बंगला आहे आणि पोहायचा तलाव. आईला विचारलं नाही, मला कळवलं नाही. मी भांडायचं ठरवूनच भारतात गेले, तर आईने दारातच माझा हात दाबला. "काही बोलू नकोस. मला ह्याच्याच घरात राहायचंय." मी मूग गिळून बसले. निघताना तिने वालाची पुरचुंडी माझ्या बॅगेत घातली. "सगळं बी दिलंय. इथे आता पेरायला जागा नाही. तू धर."

बाजारात वाल मिळतात की, असं म्हणणारी माणसं मला भेटली आहेत. त्यांना मी उत्तर देत नाही.

पहिल्या वर्षी अर्धं बी पेरलं. शेंगा भरायच्या आत थंडीने रोपं काळी पडली. दुसऱ्या वर्षी शहाणी झाले. उरलेलं सगळं बी घरातच कुंड्यांमध्ये रुजवलं आणि उन्हाळा लागल्यावर रोपं बाहेर लावली. काय वाढली होती! सकाळी चहाचा कप घेऊन मी नुसती वाफ्याशी उभी राहायची. त्या परक्या देशात ती एकच गोष्ट माझ्या हातची होती. आणि जुलैमधल्या एका सकाळी बघते तर वाफा भादरलेला. नुसत्या काड्या. त्यांच्या मधोमध ती फाटक्या कानाची उभी, तोंडात पान, माझ्याकडे बघत शांतपणे चावतेय. मी दार उघडून धावले. ती पळालीसुद्धा नाही, चालत गेली.

घरमालकीण आली, तिने काडी मोडून वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "हे काय लावलंस तू? अगं, हे तर लॅबलॅब. आमचे शिकारी हेच बी पोत्याने आणून पेरतात, हरणं गोळा व्हावीत म्हणून. तू त्यांना मिठाईचं दुकान काढून दिलंयस." आणि ती हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भिंतीच्या कोपऱ्यातली मूठभर रोपं तेवढी वाचली होती. त्यांच्यावर मी जाळी टाकली आणि डोळ्यांत तेल घालून ती राखली. दिवस लहान व्हायला लागले तशी त्यांना जांभळट फुलं आली, मग शेंगा धरल्या. पण बी धरायचं तर शेंगा रोपावरच वाळू द्याव्या लागतात. ती हरिणी रोज संध्याकाळी यायची, जाळीला नाक लावून क्षणभर उभी राहायची आणि जायची. मी खिडकीतून बघायची. मला त्या वेळी नेमकं काय वाटायचं ते सांगते. भावाला मी काही करू शकत नव्हते. तो आठ हजार मैलांवर होता, आई त्याच्या ताब्यात होती, आणि फोनवर तो "काय म्हणतेस, मजेत ना?" असं विचारायचा. ही मात्र माझ्या खिडकीसमोर होती.

"मला हिला मारायचंय," मी नवऱ्याला सांगितलं.

"यार, आपण फेन्स लावू ना. मी वीकएंडला करून टाकतो," तो म्हणाला. "एवढं व्हायोलंट काय होतेयस?" तो जन्माचा शाकाहारी. माझ्या बिरड्याला डाळिंबीची उसळ म्हणतो आणि तीनदा वाढून घेतो.

घरमालकिणीने मात्र एका शब्दाने अडवलं नाही. तिने मला शिकारीच्या क्लासला नेऊन बसवलं, लायसन्स काढायला लावलं आणि स्वतःचा जुना क्रॉसबो हातात दिला. बंदुकीसारखं खांद्याला लावायचं धनुष्य ते. गवताच्या गठ्ठ्यावर मी महिनाभर सराव केला आणि माझा नेम बघून ती चकित झाली. त्या गठ्ठ्यावर मला कोणाचा चेहरा दिसायचा ते तिने विचारलं नाही. वाफ्यासमोरच्या मेपलवर तिने मचाण बांधलं, म्हणजे एक लोखंडी शिडी आणि वर झाडाला पट्ट्याने आवळलेलं आखूड बाक, पुढे हात टेकायला कठडा.

प्रश्न जाळीचा होता. जाळी असेपर्यंत हरिणी वाफ्याशी फार वेळ थांबायची नाही.

"आधी शेंगा वाळू दे," नवरा म्हणाला. "बी काढून घे, मग काय करायचं ते कर. सीझन जानेवारीपर्यंत आहे." बोलला ते अगदी बरोबर होतं. पण मला ती बर्फात पाला हुंगताना नको होती. मला ती वाल खाताना हवी होती, पान तोंडात असताना. ऑक्टोबरमधल्या एका दुपारी मी माझ्या हाताने जाळी काढली.

घरमालकिणीने मला वर बसवलं, झाडाला बांधलेला सुरक्षेचा पट्टा अंगात अडकवला, आणि खाली उतरून ताणलेला क्रॉसबो दोरीने वर पाठवला. मागोमाग तीन बाणांचा भाता. "हा बाजूच्या हुकाला लाव. हरीण दिसेपर्यंत बाण चढवायचा नाही. अंधार पडला की मी येते." मग ती आपल्या मचाणाकडे, रानाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली.

थंडी पायांतून वर चढायला लागली. लोंबकळते पाय बधिर झाले. आता माझ्या जागी कुठलीही अमेरिकन बाई असती तर तशीच बसली असती. मी बूट सांभाळत पाय वर घेतले आणि त्या वीतभर बाकावर मस्त मांडी घातली. काय बरं वाटलं! मांडी घातली की पुढ्यात काहीतरी घ्यावंसं वाटतंच, निवडायला तांदूळ घ्यावेत तसं. ऐनवेळी धांदल नको म्हणून मी हुकावरचा भाता काढून मांडीत घेतला. क्रॉसबो पुढच्या कठड्यावर आडवा होता. सगळं कसं हाताशी.

उजवा पाय मुंग्या येऊन जड झाला तेव्हा मी गुडघा जरासा उचलला. भाता घसरला. मी हात टाकला तो जाकिटाच्या जाड बाहीने त्याला अजूनच ढकललं. कठड्याखालून तो गेला, शिडीच्या दोन पायऱ्यांवर खणखणला आणि वाळक्या पानांत पडला.

उतरून आणावा म्हणून मी पट्ट्याचं बक्कल चाचपायला लागले. पायात जीव नव्हता. मांडी सोडवेपर्यंत झुडपातून एक तोंड बाहेर आलं. आधी फाटका कान, मग बाकीची ती.

ती इतक्या जवळ होती की तिच्या नाकपुड्या हलताना दिसत होत्या. क्रॉसबो ताणलेला, नेम धरायला कठडा, वारा तिच्याकडून माझ्याकडे, आणि बाण खाली पानांत. तिने भात्याकडे जाऊन त्याचा वाससुद्धा घेतला. मग वाफ्यात शिरली.

त्या क्षणी मी ओरडले असते तर वाल वाचले असते. हे मला तेव्हाही समजत होतं. पण ओरडले की ती त्या झाडाखाली पुन्हा कधीच येणार नाही, हेही समजत होतं. ती खाऊन जाईल, उद्या पुन्हा येईल, उद्या बाण असेल. थोडं तरी ठेवेल, असा हिशोब करत मी ओठ दाबून बसले आणि ती खात राहिली. शेंगांसकट. भरलेल्या शेंगा तिच्या दाढेखाली फुटताना कुरकुर आवाज यायचा. एक रोप झालं, दुसरं झालं. माझा हा मूर्ख संयम शेवटच्या रोपापर्यंत टिकला. तिने त्याला तोंड लावलं तेव्हा कुठे माझा आवाज फुटला.

काय काय ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही. अलिबागच्या कोळणींच्या तोंडून लहानपणी ऐकलेलं सगळं मी त्या रानात ओकलं. थर्मास फेकला, विजेरी फेकली, एक बूट फेकला. मेल्या, तुझं तळपट होवो, असंही ओरडले, आणि ते हरिणीला उद्देशून नव्हतं. ती दोन उड्या मारून लांब गेली, वळली, तोंडातला घास चावून संपवला आणि मग गेली.

घरमालकीण धापा टाकत आली. तिने भाता उचलला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मचाणावर पाय दुमडून बसलीस?" यावेळी ती हसली नाही. तिने वाफ्यातल्या मातीत विजेरी फिरवली, एखादी शेंग राहिलीय का ते बघायला. राहिली नव्हती.

नवरा म्हणाला, झालं ते झालं, आता सोडून दे. सोडून द्यायला मला आणखी काय उरलं होतं? राखायला काही नव्हतं, त्यामुळे घाईही नव्हती. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायला लागले, पाय सोडून, भाता हुकाला लावून. घरमालकिणीने वाफ्यात मका टाकला. पुढच्या आठवड्यात ती फाटक्या कानाची आली, आधी वालाचे खुंट हुंगले, आणि मी बाण चढवून सोडला. ती ओढ्यापर्यंत धावली आणि पडली. मी जवळ जाऊन तो फाटका कान हातात धरून पाहिला. दया आली नाही. लोक मला विचारतात, काहीच वाटलं नाही? वाटलं की. बरं वाटलं.

घरमालकिणीने तिला सोलून तुकडे करून दिले. मी खोबऱ्याचं वाटण लावलं, गावचा लाल मसाला घातला, आणि नवरा दार लावून बेडरूममध्ये वरणभात जेवला. आमचं सगळं बी त्या मांसात गेलं होतं; दुसरीकडे कुठे ते उरलं नव्हतं. मी प्रत्येक घासात तो कडूपणा शोधला. लागला नाही. तरीही ताट चाटूनपुसून खाल्लं आणि पुन्हा वाढून घेतलं.

मग कॉलिंग कार्ड काढलं. फोन भावाने उचलला. "काय म्हणतेस, मजेत ना?"

"आईला दे."

आईला मी सरळ सांगितलं. बी गेलं, सगळं गेलं, एका हरिणीने खाल्लं. मला वाटलं ती रडेल.

"मारलीस तिला?" तिने विचारलं.

"मारली."

"तूच?"

"मीच. आणि खाल्लीसुद्धा."

"बरं केलंस," आई म्हणाली. मग तिने आवाज खाली आणला. "तुला निदान मारता तरी आलं. मी ह्याला रोज दोन वेळा गरम गरम वाढते."