डबलसाहेब आणि मी

डबलसाहेब कधी समोरून आले नाहीत. ऑफिसच्या दारात चपला काढायचे, अनवाणी आत यायचे आणि आपल्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. आपण कामात असतो, आणि एकदम कानाशी आवाज, "हे कोन वापरते?" ना नमस्कार, ना चमत्कार. पहिल्या दिवशी मी इतकी दचकले की हातातला चहा ऑर्डरच्या कागदांवर सांडला. त्यांनी कागद उचलले, झटकले, टेबलावर ठेवले आणि पुन्हा तेच विचारलं. हा माणूस तेव्हाच माझ्या डोक्यात गेला.

आमची ठिबकच्या नळ्यांची कंपनी. मुख्य ऑफिस अमरावतीला, शाखा अकोल्याला, आणि अकोल्याची शाखा म्हणजे एकोणीस वर्षं मीच. नवरा गेल्यापासून घरात कमावणारी मी एकटी, मुलगी नागपूरला नर्सिंग शिकत होती. ही नोकरी गेली तर तिचं शिक्षण तिथंच थांबणार, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. नेमकं अशात आमच्या मालकांनी, शेठजींनी, अमरावतीला हा माणूस आणून बसवला, आणि तिथून तो सारखा अकोल्याला यायचा. कंपनीनं महिन्याच्या भाड्यानं जी सॉफ्टवेअरं घेतली होती, त्यात एकाच कामाची दोन-दोन, तीन-तीन कुठं आहेत ते शोधायचं आणि जास्तीची बंद करायची, एवढंच त्यांचं काम. खरं नाव चांगलं भारदस्त होतं. पण उठता-बसता "हे डबल हाय" म्हणणाऱ्याला दुसरं काय म्हणणार?

गाव शेंदूरजनाघाट, घरची संत्र्याची बाग. त्यामुळे उदाहरण एकच, तेही ठरलेलं. "संत्र्याले पानसोट फुटते, पाह्यलं का ताई? दिसाले हिरवागार, सरळ उभा, अन् फळ एक धरत नाही. झाडाचा रस मात्र सारा तोच पेते. आमी त्याले ठेवत नाही." बोलायचे सॉफ्टवेअरबद्दल, पण बघायचे माणसाकडे. असा संताप यायचा!

ई-मेलनं विचारलं की लोक 'लागते' असंच कळवतात, हे त्यांचं ठाम मत. म्हणून ते प्रत्येकाच्या टेबलाशी जायचे आणि "चालवून दाखवा" म्हणायचे. शेताचे नकाशे काढणाऱ्या आमच्या मोहोडला पासवर्डच आठवेना. घामाघूम झाला बिचारा. "आठ महिने उघडलं नाही तुमी. पासवर्डले बुरशी लागली," एवढं बोलून साहेबांनी तिथल्या तिथं ते बंद करून टाकलं. त्यांची पाठ वळल्यावर मोहोड म्हणाला, "फोकनीचा! याच्या बापाचं काय जाऊन राहिलं होतं?" मी त्याला जोरदार दुजोरा दिला. खरं म्हणजे तेच सॉफ्टवेअर अमरावतीच्या ऑफिसात होतं आणि आम्हाला ते वापरता आलं असतं. पण त्यांचं उष्टं आम्ही कशाला घेऊ, असं मीच म्हटलं होतं आणि अकोल्यासाठी वेगळं घ्यायला लावलं होतं.

मग माझी पाळी आली. शेठजींच्या घराण्यात दिवाळीच्या पाडव्याला नवी वही काढून पुजायची पद्धत. वह्या गेल्या, कॉम्प्युटर आले, पण शेठजी हटले नाहीत. "वही नाही तर नवं सॉफ्टवेअर घ्या, पन पाडवा रिकामा नाही गेला पायजे." मी बौद्ध, आमच्या घरी असलं काही नसतं. पण मालकाचा दंडक म्हणून मी दर पाडव्याला इमानेइतबारे ऑर्डरी नोंदवायचं एक नवं सॉफ्टवेअर घ्यायची, आणि शेठजी येऊन त्याला हळद-कुंकू वाहायचे. जुनं बंद करायचं नाही, कारण पुजलेली वही फाडत नसतात. अशी सहा झाली. चालू एक, बाकीची नुसतीच भाडं खात होती.

डबलसाहेबांनी ती सहाही शोधली आणि अमरावतीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मांडली. "सहा हायेत. साहीवर सही ताईची."

मी म्हटलं, "शेठजी, तुमीच सांगतलं होतं ना घ्याले!"

शेठजी मोबाईलमध्ये बघत बसले. डबलसाहेबांना पाडव्याची सगळी हकीकत ठाऊक होती, मीच सांगितली होती. तरी त्यांनी यादीचं पुढचं पान उलटलं. परतीच्या एसटीत मी मूर्तिजापूर येईपर्यंत रडले, आणि मग रडणं थांबवून त्या माणसाला मनसोक्त शिव्या घातल्या.

छाटणी संपली तेव्हा दोन्ही ऑफिसांना मिळून एकच सॉफ्टवेअर उरलं. शेठजींनी डबलसाहेबांना मग त्यातल्या ऑर्डरी तपासायचं काम दिलं; अमरावतीत ते तपासायचे आणि अकोल्यात मी. तीच ऑर्डर, दोनदा. हे माझ्या लक्षात आलं. त्यांच्याही लक्षात येणारच होतं, आणि मग माझी काही खैर नव्हती. मी वाट बघत बसले नाही. शेठजींना सरळ चिठ्ठी लिहिली: हे काम एका माणसाचं आहे, आम्हा दोघांतलं एकजण जास्तीचं आहे, आणि मला इथली एकोणीस वर्षं माहीत आहेत, त्यांना दोन. आठ दिवसांत डबलसाहेबांना नारळ मिळाला.

काम सोपवायला ते अकोल्याला आले. चार तास बसले. एकेक पासवर्ड स्वच्छ अक्षरात लिहून दिला, कुठल्या ऑर्डरीत काय चुकतं ते दोन-दोनदा समजावलं. मला वाटत होतं, या माणसानं ओरडावं, चार शब्द सुनावावेत, म्हणजे मलाही सुनावता येईल. शेवटी पिशवी खांद्याला लावून त्यांनी विचारलं, "चिठ्ठी तुमीच लिवली ना, ताई?"

"हो, मीच लिवली." मी मुद्दाम मान ताठ ठेवली.

"बरोबर लिवलं. तशीच एक माह्याजवळबी हाय, तुमाले काढा म्हनून. उन्हाळ्यातच लिवून ठेवली होती."

"मंग पाठवली काहून नाही?"

"पोरीचं शेवटचं वर्ष होऊ दे म्हनलं," ते म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

मुलगी आता दवाखान्यात नोकरीला लागली आहे. तिला यातलं मी काही सांगितलेलं नाही. मला मात्र त्या माणसाचा आजही राग येतो, पूर्वीपेक्षा जास्तच येतो. सांगायचं होतं तर आधी सांगायचं, नाहीतर मेल्यानं सांगायचंच नव्हतं.