पंख रुसतो तेव्हा

वैमानिक घडवणाऱ्या त्या शाळेत सगळे त्यांना धागेमास्तर म्हणत. विमान हवेत कसं तरतं, हे शिकवण्यात त्यांची बावीस वर्षं गेली. स्वतः विमान चालवायचं मात्र चष्म्याच्या नंबरापायी राहून गेलं. त्यावरून कोणी टोमणा मारला, की ते विचारत, पोहायला शिकवणारा मासाच असावा लागतो का?

वर्गात लाकडी घडवंच्यांवर विमानाचा एक खरा पंख ठेवलेला असे. त्याच्या पाठीवर बोटभर लांबीचे लोकरीचे धागे ओळींनी चिकटवलेले. समोरून पंख्याचा वारा सोडला, की धागे मुकाट मागे निजत. पंखाची पुढची कड उचलत नेली, की मागचे धागे थरथरू लागत आणि शेवटी उलटे फिरत. ‘रुसला,’ मास्तर म्हणत. वाऱ्याने पंखाची पाठ सोडली, आता तो विमान पेलणार नाही. अशा वेळी घाबरून नाक आणखी वर ओढायचं नाही. खाली घालायचं आणि पंखाची समजूत काढायची. हे ते इतकं घोकून घेत, की पोरं झोपेतही बरळत.

हा पंख ज्या विमानाचा, ते त्यांच्याच एका विद्यार्थ्याने नाक वर ओढून पाडलं होतं. पोरगा वाचला नाही. भंगारात जाणारा पंख मास्तरांनी मागून घेतला. बाकीचे शिक्षक त्याला हात लावत नसत आणि मास्तर त्यांना हसत.

त्या दुपारी मास्तरांची लेक पहिल्यांदाच एकटी उडणार होती. सगळी शाळा धावपट्टीपाशी जमली. मास्तरांचा जीव टांगणीला लागला होता, पण बापाला बघून पोर बुजायला नको म्हणून ते वर्गातच थांबले. खिडक्या लावून घेतल्या. वैमानिकांशी बोलायचा भिंतीवरचा रेडिओही बंद केला.

बाहेर इंजिनाचा आवाज चढला आणि जमीन सोडून गेला. त्याच क्षणी पंखावरचे सगळे धागे मागे निजले.

पंख्याची वायर तर सकाळपासून काढलेली. मास्तरांनी काडी पेटवून धाग्यांजवळ धरली. ज्योत सरळ उभी राहिली. पंखावर तळवा टेकवला, तर पत्रा बर्फासारखा गार होता आणि आतून बारीक कापत होता.

त्यांना हात काढून घेववेना. किती वेळ गेला, कोण जाणे. मग मागच्या कडेचा एक धागा थरथरला आणि उलटा फिरला. मग दुसरा. मग ओळच्या ओळ.

याच पंखासकट पडलेल्या त्या पोराला सावध करायला कोणी नव्हतं. लेकीला बाप होता. मास्तरांनी रेडिओवर झेप घेतली, तो चालू केला, बोलायचं बटण दाबलं आणि जिवाच्या आकांताने सांगितलं, "नाक खाली, बाळा. नाक खाली घाल."

बाहेर पत्रा फाटल्यासारखा आवाज झाला.

विमानाचं पुढचं चाक मोडलं होतं आणि ते नाकावर घासत गेलं होतं. लेकीचा खांदा निखळला, ओठाला टाके पडले. जिवावरचं खांद्यावर निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी मास्तर तिच्या खाटेपाशी बसले, तेव्हा त्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं.

"खिडक्या बंद होत्या म्हणे," ती म्हणाली. "मग तुम्हाला दिसलं कसं?"

मास्तर तिच्या चादरीची कड सारखी करत राहिले.

"बाबा, मी उतरत होते. चाकं जमिनीपासून हातभर वर होती. तिथेच नाक वर धरून पंख रुसवायचा, म्हणजे विमान अलगद बसतं. तुम्हीच शिकवलंत."

तिचा शब्द न शब्द खरा होता. मास्तरांनी कसंबसं विचारलं, "मग नाक खाली का घातलंस?"

"चुकतंय हे कळत होतं मला," ती म्हणाली. "पण आवाज तुमचा होता."