बिबा उतला तर

बिब्याचं झाड कोणी मुद्दाम लावत नाही. अचलपूरजवळच्या आमच्या वावरात ते धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आपोआप आलं आणि बाबांनी तोडलं नाही, एवढीच त्याची मशागत. फळाचा वरचा नारिंगी गर लहानपणी आम्ही वाळवून खायचो. खालच्या काळ्या बीला मात्र हात लावायची सोय नाही. टरफलातलं तेल लागलं की बिबा उततो, अंगावर फोड येतात. पण आत असते गोडंबी, अन् बाळंतिणीच्या लाडवात ती हवीच.

मागच्या हिवाळ्यात मी बाळंतपणाला माहेरी होते. बाजारात सोललेली गोडंबी मिळते, पण बाबांचा हट्ट, "माह्या पोरीले घरच्याच झाडाची." हाताला तेल चोपडून, बिबे राखेत घोळवून दगडावर फोडत बसले. मग साबणानं हात धुतले आणि थेट पाळण्यातून माझ्या तान्ह्या पोरीला उचललं.

बाबांकडून घेऊन तिला माझ्याकडे देताना आईला झबल्यावर खांद्याशी काळा डाग दिसला. "माय वं! बिबा!"

धोबी ज्या तेलानं कपड्यांवर खुणा करायचे, ते माझ्या लेकराच्या अंगावर! झबलं काढून फेकलं, तिला धुतलं, खोबरेल लावलं. डॉक्टर म्हणाले, "आज काही दिसणार नाही. उतला तर एक-दोन दिवसांत उतेल, लक्ष ठेवा." डोळ्यात गेलं असलं तर? तोंडात? ती रडली की मी कपडे काढून बघायची, नाही रडली तरी बघायची.

बाबांवर तर मी तोंडच सोडलं. "काहून हात लावला तिले? अक्कल गहाण ठेवली होती काय?" ते ओसरीवर जाऊन बसले, घरात आलेच नाहीत. ताट गेलं तसं परत आलं. राग आला असेल, येऊ दे, म्हटलं.

तिसऱ्या दिवशी पोरीचं अंग स्वच्छ होतं. डॉक्टरही म्हणाले, आता भीती नाही. मी ओसरीवर गेले. बाबा शालीत हात लपवून बसले होते.

"उतला काय तिले?"

"नाही, बाबा."

ते ढसाढसा रडले. डोळे पुसायला हात बाहेर काढले तेव्हा दिसलं, बोटं सुजलेली, मनगटापर्यंत फोड.

"बाबा! सांगितलं काहून नाही? औषध तरी लावलं असतं!"

"देवाले म्हटलं, उतायचाच असंल तं माह्यावर उतू दे. मंग म्या औषध लावलं, अन् तिकडं तिले उतला तं?"

मी खोबरेलाची वाटी आणली. ते हात पुढे करेनात.

"आधी तिले अजून एकडाव पाहून ये," म्हणाले. "मानेमागं पाह्यलं काय?"