राजदूतची हजेरी

सुरतेतल्या लिंबायतच्या एका गल्लीत चौदा मोटारसायकली होत्या. तेरा गाड्यांचे नंबर 'जीजे पाच' म्हणजे सुरतेचे, आणि एकीचा 'एमएच अठरा' म्हणजे धुळ्याचा. ती एक सुकदेव मास्तरची. हा मास्तर शाळेतला नव्हे, पावरलूमच्या खात्यातला, म्हणजे मागांच्या कारखान्यातला. चोवीस मागांपैकी एखादा रुसला की त्याची समजूत काढायची, हे त्याचं काम. मागांची समजूत पटायची. मास्तरची पटवणं मात्र अवघड होतं.

राजदूत त्याने नव्वद साली धुळ्यात घेतली, मुद्दाम. सुरतेत हवी तितकी दुकानं असताना हा गडी रजा टाकून धुळ्याला गेला आणि धुळ्याचा नंबर घेऊन आला. त्यामागे एक गोष्ट होती. ब्याऐंशी साली धुळे जिल्ह्यात शिंदखेडा तालुक्यातलं खैरपाडे गाव सोडताना त्याने धाकट्या भावाला, वाल्मिकला, एस.टी.च्या थांब्यावर सांगितलं होतं, "पाच वरीसमा परत यीसू. मनी खोली कोनले दिऊ नको." पाचाची आठ झाली, आठाची चौदा. सुकदेव काही परतला नाही, पण दिलेला शब्द त्याने मागेही घेतला नाही. तो शब्द त्याने गाडीच्या पाटीवर लिहून ठेवला होता, असंच म्हणायला हवं. पाटी धुळ्याची आहे तोवर आपण सुरतेला फक्त कामाला आलो आहोत, असा त्याचा हिशेब.

त्या पाटीची बडदास्त बघण्यासारखी होती. पांढऱ्या जमिनीवर काळी अक्षरं. मागे अक्षरं पस्तीस मिलिमीटर, आकडे चाळीस, पुढे दोन्ही तीस. हिलाल पेंटर पाटी रंगवायला बसला तेव्हा मास्तर शेजारी फूटपट्टी घेऊन उभा होता. हिलालने प्रेमाने विचारलं, "वर 'कानबाई मातानी कृपा' लिखू का?" सुकदेवने डोळे वटारले. पाटीवर नंबराशिवाय काहीही लिहिणं कायद्यात बसत नाही, मग ती कानबाई का असेना. दसऱ्याला पुष्पाबाई गाडीला हळदकुंकू लावायची, तर हा पाटीवर हात धरून उभा. "टाकीले लाव, चाकले लाव, आकडाले नको." झेंडूचा हार पाटीवर लोंबला तर तोही आखूड करून घ्यायचा. सगळे लहान नियम तो इतक्या निष्ठेने पाळायचा, की एक मोठा नियम आपोआप माफ व्हावा.

तो मोठा नियम त्याला एक्याण्णव साली पर्वत पाटियाच्या चौकात एका हवालदाराने सांगितला. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त गाडी ठेवली, की तिथला नंबर घ्यावा लागतो. कुणीही दुसरा माणूस हे ऐकून कचेरीत जाऊन फॉर्म भरता. सुकदेवने खात्यात मागासमोर उभं राहून दोन पाळ्या विचार केला आणि त्याच्या डोक्यात उजेड पडला. बारा महिने पुरे झाले तर ना? आपण दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, गावी जातोच. गाडी नेली की वर्ष तुटलं. परत आणली की पहिल्यापासून मोजायचं.

तेव्हापासून दर आखाजीला पुष्पाबाई आणि मुलगी गायत्री उधन्याहून रेल्वेने खिडकीशी बसून जायच्या, आणि सुकदेव व्यारा, सोनगड, नवापूर करत वैशाखाच्या उन्हात दोन-सव्वादोनशे किलोमीटर भाजून निघत राजदूतवर जायचा. गावात शिरला की तोंड धुण्याआधी ग्रामपंचायतीत, गाडी आल्याची तारीख सांगायला. वाल्मिक पंचायतीचा सदस्य होता, अक्षर चांगलं होतं. निघायच्या दिवशी तो कागद लिहून द्यायचा आणि सरपंच न वाचता गोल शिक्का मारायचे: 'दाखला देण्यात येतो की, श्री. सुकदेव यांची मोटारसायकल अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत मौजे खैरपाडे येथे हजर होती.' शाळेतल्या पोरांची हजेरी कधी इतक्या काटेकोरपणे लागली नसेल. असे सहा दाखले प्लास्टिकच्या पिशवीत, रात्री गादीखाली आणि दिवसा गाडीच्या डिकीत. सुकदेव शिक्का तेवढा उजेडात धरून बघायचा. शिक्का ठसठशीत असला की त्याला बाकी काही वाचावंसं वाटत नसे.

"लोके कोरट-कचेरीना कागद जपतस, तुम्ही गाडीना दाखला जपतस," पुष्पाबाई म्हणायची. तिचं बोलणं हसण्यावारी असलं तरी सल खरा होता. तिला लिंबायतमधली भाड्याची खोली विकत घ्यायची होती. घरमालक तयार होता. पण विषय काढला की सुकदेव म्हणायचा, "परत जानं शे, इकत काय लेवानं?" आणि तिची नजर खाटेखालच्या पेटीकडे जायची, ज्यात चौदा वर्षांपूर्वी बांधलेली भांडी तशीच होती. खैरपाड्याच्या संसाराला लागतील म्हणून राखलेली.

शहाण्णवच्या डिसेंबरात पर्वत पाटियाला तपासणी लागली. सुकदेवला अडवलं तेव्हा त्याला भीती वाटली नाही. उलट इतक्या वर्षांची तयारी एकदाची उपयोगाला येणार म्हणून बरं वाटलं. हवालदाराने दोन दाखले वाचले, टोपी मागे सरकवली आणि हे आपल्या आवाक्याबाहेरचं आहे असं म्हणून त्याला आरटीओच्या कचेरीत पाठवलं. सुकदेव दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेला.

तिथले साहेब पन्नाशीचे, चष्म्यातून वर बघणारे. त्यांनी विचारलं, "काका, आ गाडी रहे छे क्यां?"

"गाममां, साहेब," सुकदेव म्हणाला. "अहीं तो फरवा आवे छे."

"अगियार महिना फरवा आवे छे?"

अकरा महिने फिरायला, हे ऐकून साहेबांच्या मागचा कारकून हसू दाबायला फायलीत तोंड घालून बसला. सुकदेव डगमगला नाही. त्याने सहाही दाखले टेबलावर वर्षाच्या क्रमाने मांडले. साहेबांनी ते ओळीने बघितले आणि तारखांवर पेन्सिल टेकवत गेले. पहिल्या वर्षी गाडी सोळा दिवस हजर. मग अकरा. मग नऊ, सहा, चार. शेवटच्या वर्षी दोन. सुकदेवला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण सगळे कागद एका टेबलावर त्याने कधी मांडलेच नव्हते. त्याला पहिल्यांदाच जरा उकडलं.

"आ छेल्लो वांचो," साहेब म्हणाले आणि शेवटचा दाखला त्याच्यापुढे सरकवला.

सुकदेवने घसा साफ केला. 'दाखला देण्यात येतो की, श्री. सुकदेव, रा. सुरत, ह. मु. खैरपाडे...' एवढं वाचून तो थांबला. बोट मागे नेऊन त्याने तीच ओळ पुन्हा मनात वाचली. मग पहिला दाखला उचलला. त्यात 'रा. खैरपाडे, ह. मु. सुरत' होतं. पाचव्यापर्यंत तसंच. सहाव्यात गावं उलटी बसली होती, वाल्मिकच्या त्याच वळणदार अक्षरात, ठसठशीत शिक्क्यासकट.

"राहणार समज पडी," साहेब म्हणाले. "आ ह. मु. एटले शुं?"

"हल्ली मुक्काम," सुकदेव म्हणाला. साहेब थांबून राहिले, तेव्हा त्याला पुढे सांगावंच लागलं. "मतलब, साहेब... थोडे दिन के लिए रुका है. घर दूसरी जगह है."

साहेब आता हसत नव्हते. त्यांनी दाखले नीट एकावर एक लावून परत दिले. "गामे तो मानी लीधुं, काका. हवे तमे मानो." गावाने मानलं होतं, आता सुकदेवने मानायचं होतं. दंड त्यांनी लावला नाही. धुळ्याच्या कचेरीतून ना हरकत आणा आणि दोन महिन्यांत इथला नंबर घ्या, एवढं सांगून त्यांनी फॉर्म हातात दिला.

घरी येऊन सुकदेवने शेवटचा दाखला वेगळा काढून खिशात घातला. त्याचा सगळा राग वाल्मिकवर होता. सख्ख्या भावाने सरकारी कागदावर आपल्याला गावाबाहेर काढलं. गावातल्या खोलीसाठीच केलं असणार. धुळ्याला ना हरकतीचा अर्ज टाकून तो तसाच राजदूतवर खैरपाड्याला पोचला, भांडणाची वाक्यं घोकत घोकत. आणि आधी खोलीकडे गेला. खोलीला कुलूप होतं. किल्ली वळचणीला, पूर्वीच्याच जागी. आत झाडलेलं होतं, खाट भिंतीला उभी केलेली, कोपऱ्यात साठवणीच्या कांद्याची एक सालही नाही. भांडणाची निम्मी वाक्यं तिथेच वाया गेली.

वाल्मिक शेतातून आला तेव्हा सुकदेवने दाखला त्याच्या हातात कोंबला. "हाई काय लिखं तू? मी सुरतना? आनि आठे पाव्हना?"

वाल्मिकने कागद वाचला, घडी केली. तो चिडलाही नाही, ओशाळलाही नाही. "भाऊ, मी मन्हा मनथून काही नही लिखं. तू मांगली आखाजीले, निंघाना आदला दिन, याच ओटावर बसना व्हता. मी म्हननू, आखो दोन दिन ऱ्हाय. तू काय म्हनना?"

सुकदेवला आठवेना.

"तू म्हनना, 'नही रे भो, सकाय घर जानं शे.' मी तेच लिखं."

सुकदेव ओट्यावर बसला. पन्नाशीला टेकलेला मास्तर धाकट्या भावासमोर शर्टाच्या बाहीने डोळे पुसत राहिला, आणि पुसले तरी ते थांबेनात. त्याला वाईट वाटत होतं, हे खरं. पण चौदा वर्षं डोक्यावर वाहिलेलं काहीतरी कुणीतरी हात लावून उतरवून घेतल्यासारखं हलकंही वाटत होतं, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटत होती. वाल्मिक शेजारी बसून राहिला. त्याने समजूत काढली नाही, पाणी आणून दिलं.

मग ओट्यावरच सुकदेवने फॉर्म भरला. पत्त्याच्या रकान्यात 'लिंबायत, सुरत' लिहिलं. हल्ली मुक्कामासाठी त्यात रकानाच नव्हता. वाल्मिकला त्याने सांगितलं, "खोली तुन्हा पोरले दि टाक. आनि तुन्ही वहिनीले चिठ्ठी लिख, भांडानी पेटी सोड म्हना." हे घरी जाऊन तोंडाने सांगायची हिंमत मात्र त्याला तिथेही झाली नाही.

निघताना वाल्मिक राजदूतच्या हँडलवर हात ठेवून म्हणाला, "येती आखाजीले दाखला लिखी ठेवू ना?"

"नको," सुकदेव म्हणाला. "आते कागद काय कराना? मी नुसता यीसू. चांगला आठ दिन ऱ्हासू."