धुण्यात सापडलेला रुमाल

ती दुपार विसरता आली असती तर बरं झालं असतं. माझं शिक्षण सातवीपर्यंत. शिपाई म्हणून भरती झालो, सहाय्यक फौजदार म्हणून घरी बसलो. लिहायची सवय फक्त स्टेशन डायरीची, तसंच इथे लिहितो. नाव कुणाचं देणार नाही.

निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. पनवेलजवळ रोडपालीच्या बाजूला एक इमारत अर्धवट पडून होती. तिच्यासमोर मासळी विकणारी एक बाई बसायची. तिनं मला हाक मारली.

"हवालदार, तुमचा लक्ष कुठं हाय? त्या बिल्डिंगीत तीन पोरा रोज बसतान. दारूचा वास नाय, बिडी नाय, पन उठतान तवा पाय लटपटतान."

"गांजा असेल."

"गांजाचा वास मना कलतो. माझा दादला वढायचा."

एक शिपाई घेऊन भर दुपारी गेलो. आमची जुनी पद्धत होती. आत शिरण्याआधी कुंपणाच्या पत्र्यावर लाठी जोरात आपटायची आणि ओरडायचं. माणूस घाबरला की हातातलं टाकतो, मुद्देमाल आयता सापडतो. मी तेच केलं.

तिघं उठून पळाले. एक भिंतीवरून गेला. दुसऱ्याला शिपायानं धरलं. तिसरा वीस पावलंही गेला नसेल, तोंडावर पडला. सोळा वर्षांचा पोरगा. त्याच्या गालाखाली रुमाल होता, त्यानंच मी त्याचं तोंड पुसलं आणि घाईत तो माझ्याच खिशात कोंबला. छाती दाबली, हाका मारल्या. जीपमध्ये घालून दवाखान्यात नेला. डॉक्टर म्हणाले, संपलंय सगळं.

संध्याकाळी त्याचा बाप आला. जासईला कंटेनर यार्डात हमाली करणारा माणूस. ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी उभा राहिला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, माझ्या पोराला तुमी मारलाव का?"

"हात लावला नाही."

हे खरं होतं. तरी तो बाकावर बसून राहिला आणि थोड्या थोड्या वेळानं तेच विचारत राहिला. अकस्मात मृत्यूची नोंद झाली. 'पोलिसांना पाहून पळू लागला व कोसळला' असं मी डायरीत लिहिलं. लाठी लिहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको धुणं काढत होती. माझ्या वर्दीच्या खिशातून तिनं रुमाल काढला.

"हा कुणाचा? आपला नाही."

मी दाढी करत राहिलो.

"चोर पकडायला जाता आणि रुमाल पकडून आणता." मग तिनं तो नाकाशी नेला आणि लगेच लांब धरला. "अहो, ह्याला सोल्युशनचा वास येतोय. माझी चप्पल चिकटवली होती तुम्ही, तोच वास."

माझ्या भरवशावर असतं तर पुरावा धुण्यात गेला असता. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी खिसे शेकड्यांनी तपासले. बाटली, पुडी, चाकू शोधायचा. कंगवा आणि रुमाल बिनकामाचे म्हणून परत द्यायचे.

मोठ्या साहेबांकडे रुमाल नेला. पंचनाम्यात का नाही म्हणून त्यांनी मला उभं-आडवं झापलं. झापायलाच हवं होतं. मग पंच बोलावून नोंद केली.

धरलेल्या मुलाची चौकशी त्याच्या आईसमोर केली. मी साध्या कपड्यांत होतो. तो आदल्या दिवसापासून एक शब्द बोलला नव्हता. रुमाल टेबलावर ठेवला तसा त्यानं चेहरा वळवला आणि रडायला लागला.

"काका, ही काय दारू आहे? दुकानात कुणालाही मिळतं. त्यानं कोण मरतं?"

त्याची आई म्हणाली, "मी रोज याचं तोंड हुंगायची, साहेब."

"तू दारूसाठी हुंगायचीस, आई."

ती पदराचं टोक पिळत बसली. पुढे काही विचारायची गरज राहिली नाही.

डॉक्टरांना भेटलो. त्यांनी विचारलं, "पडण्याआधी नेमकं काय झालं?" लाठीचं सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "असलं हुंगलं की काळजाची लय बिघडते. त्यात एकदम दचकला, जोरात पळाला, तर काळीज जागेवर बंद पडू शकतं. सवयीचा असायला लागत नाही. पहिल्या वेळीही होतं."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "त्या बापाला सांगून या. नाहीतर तो जन्मभर विचारत राहील."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. मी आहे ना."

आधी दुसरा जबाब दिला, त्यात लाठी लिहिली. चौकशी बसली, पुढे ताकीद मिळाली. मग त्या माणसाच्या घरी गेलो. म्हणालो, "हात लावला नाही हे खरं. पण पत्र्यावर लाठी मी आपटली. पोरगा नशेत दचकला, पळाला आणि गेला. नशा त्यानं केली, घाबरवला मी."

तो आत जाऊन तांब्या घेऊन आला. "पानी घ्या." मी प्यायलो. तो म्हणाला, "त्या दुसऱ्या दोघांना तरी वाचवा."

भिंतीवरून पळालेल्यालाही शोधला आणि त्या दोघांना उपचाराला नेलं. एकजण पुढे आयटीआयला गेला. दुसऱ्याचं मला ठाऊक नाही. नव्या शिपायांना मी निवृत्त होईपर्यंत एकच सांगत आलो, असं पोर दिसलं तर ओरडू नका, मागे धावू नका. हळू बोला, मोकळ्या हवेत बसवा, ॲम्ब्युलन्स बोलवा. आईबापांनाही सांगतो, तोंड हुंगून भागत नाही. बाहीचा वास घ्या, रुमालाचा घ्या, डोकं का दुखतं ते विचारा. आणि विचारताना मारू नका. दुकानात उघड मिळतं म्हणून ते निरुपद्रवी नसतं.

बायको जाऊन दोन वर्षं झाली. कपडे आता मीच धुतो. बादलीत टाकण्याआधी खिसे उलटे करतो आणि रुमाल नाकाशी नेतो. रोज माझाच असतो. तरी क्षणभर तसाच धरून उभा राहतो, मागून कुणी 'हा कुणाचा?' विचारेल म्हणून.